ट्रेलर मागे लावून साखळी ते काणकोण, आतल्या रस्त्याने

ट्रेलर ओढत फिरायला लागलं की कुठे थांबायचं ते रस्ता ठरवतो. नुसती गाडी असली की मनात आलं तिथे कडेला घालायची, आवडलं नाही तर वळवायची, पण मागे घर जोडलेलं असलं की आधी नजर जाते ती जागेवर, बाहेर पडताना सरळ निघता येईल का, वर फांद्या किती खाली आल्यात, माती भुसभुशीत आहे का. आणि अशी जागा जिथे मिळते तिथे कधी देऊळ असतं, कधी नदी, कधी नुसता भजीचा गाडा. आमची साखळी ते काणकोण ट्रिप अशीच झाली आणि मला वाटतं गोवा बघायची ही सगळ्यात चांगली पद्धत आहे.

हायवेने गेलं तर अर्ध्या दिवसाचंही काम नाही. आम्ही मुद्दाम आतून गेलो, वाळपई, उसगाव, साकोर्डे, मग सांगे, रिवण, नेत्रावळी. गाडी मी चालवते, नवरा उतरून मागे उभा राहतो. रिव्हर्स घेताना ट्रेलर उलटा वळतो, म्हणून मी हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरते, मग हात ज्या बाजूला नेला त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाते, डोकं चालवावं लागत नाही. आणि सामान भरताना जड वस्तू चाकाच्या थोड्या पुढे, पाण्याची टाकी, गॅस, तांदूळ सगळं पुढे. मागे वजन झालं की उतारावर ट्रेलर डोलायला लागतो आणि तो डोलायला लागला की गाडीलाही हलवतो. निघायच्या आधी हिचचं, म्हणजे गाडी-ट्रेलरच्या जोडाचं लॉक, सेफ्टी चेन, सात पिनांचा प्लग, ब्रेकलाइट, हे रोज दोघांनी मिळून बघायचं, एकाने बघितलं म्हणून दुसऱ्याने सोडायचं नाही.

शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या शिमग्याचे दिवस होते. वाळपईच्या अलीकडे एका गावात पुढे ढोल-ताशे ऐकू आले आणि रस्ताच बंद, घोडेमोडणी चालली होती. मागे वळायला जागा नाही, पुढे जायला वाट नाही, एका काकांनी हात करून शाळेच्या मैदानाकडे दाखवलं, "बाय, हांगा दवर!" मग काय, लावला ट्रेलर आणि बघत बसलो. कमरेला घोड्याचा सांगाडा बांधलेला, वरून फुलांच्या माळा, डोक्याला फेटा, हातात तलवार, आणि ढोलाच्या ठेक्यावर चार पावलं पुढे, चार पावलं मागे. पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते बाजूला चाललेलं, एक आजी नातवाच्या घोड्याची सुटलेली दोरी दाताने ओढून गाठ मारत होती, वाजप थांबलेलं नव्हतं आणि पोरगं उभ्या उभ्या पायाने ठेका धरून होतं. हे कुठल्या टुरिस्ट नकाशात येणार? मिरवणूक संपली तसे लोक ट्रेलरभोवती जमले, दार उघडून सगळ्यांना आत दाखवलं, बायकांना ओटा बघायचा होता, पोरांना वरचा बेड.

रात्री साकोर्ड्याला ओळखीच्यांच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत राहिलो. गोव्यात पर्यटनाच्या ठिकाणी उघड्यावर स्वयंपाक करायला कायद्याने बंदी आहे, 2019 पासून दंडही आहे, आणि ते बरोबरच आहे, लोकांनी बीचवर आणि धबधब्यांवर काय घाण करून ठेवली होती ते आपण बघितलंय. म्हणून आमचा नियम, रात्र कुणाच्या तरी अंगणात, विचारून, आणि निघताना अंगण झाडून. पोफळीखाली, मिरीच्या वेलांच्या मध्ये ट्रेलर उभा, सकाळी तिथल्या मावशींनी ताजा निरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस दिला. निरो सकाळीच प्यावा, दुपारी तो आंबायला लागतो.

तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ मी शाळेच्या सहलीत बघितलं होतं, पण पन्नास पोरांच्या रांगेत काय कळतं. ह्या वेळी सकाळी लवकर पोचलो, तिथे आम्ही दोघंच. कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं, आणि सगळं काळ्या बेसॉल्टचं. आपल्या आजूबाजूला जांभा दगड, हा काळा दगड इथला नाही, घाट उतरून आणलेला, तोही रस्ते नसताना. एक हलका ट्रेलर घाटात नेताना मी किती विचार करते आणि त्या लोकांनी असले खांब जंगलातून खाली आणले, मला तिथे उभं राहून खरंच भरून आलं. मंडपात नंदी आहे, त्याचं डोकं नाही. एका खांबाच्या पायथ्याशी हत्ती घोड्याला तुडवतोय असं कोरलंय, खाली वाकलं तरच दिसतं. नवरा जमिनीवर बसूनच बघत होता, मी दोनदा हाक मारली तरी उठेना.

सांगेपर्यंतचा रस्ता फारसा लिहिण्यासारखा नाही, ट्रक, लाल धूळ, काच बंद.

रिवणच्या पुढे उसगाळीमळच्या कातळशिल्पांचा बोर्ड दिसला. आत जाणारा रस्ता अरुंद, ट्रेलर नेण्यात अर्थ नव्हता, म्हणून मोठ्या रस्त्याच्या कडेला जिथे रुंदी होती तिथे लावला आणि चालत गेलो. कुशावती नदीच्या काठावर जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर बैल, हरणं, माणसं, नाचणारी बाई, आणि वळणावळणांचा एक गोल चक्रव्यूह. 1993 मध्ये गावातल्या लोकांनी दाखवलं तेव्हा बाहेरच्या जगाला हे कळलं. भर दुपारी गेलं तर रेषा दिसत नाहीत, उन्हात कातळ सपाट दिसतो. आम्ही नशिबाने साडेपाचच्या सुमाराला होतो, ऊन तिरकं, खाचांत सावली भरलेली. गुरं घेऊन आलेले एक आजोबा काठी हवेतच फिरवून, कातळाला न टेकवता, बैलाची पाठ कुठून सुरू होते, शिंगं कुठे जातात ते दाखवत होते, आणि त्यांनी दाखवेपर्यंत तो बैल आम्हाला दिसलाच नव्हता. कृपा करून चपला घालून रेषांवर चालू नका.

नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाजवळ बुडबुड्याची तळी आहे. दगडी पायऱ्यांच्या तळीत तळातून सारखे बुडबुडे येतात, टाळ्या वाजवल्या की जास्त येतात असं सगळे म्हणतात, आम्हीही वाजवल्या. मला आवडली, पण उसगाळीमळच्या त्या काठावरून आल्यावर मन तिथेच होतं.

मग केपे, बाळ्ळी आणि करमल घाट. घाटात ट्रेलर असेल तर उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या, इंजिनने वेग धरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, ब्रेक तापतात. मागे रांग लागली की जागा बघून बाजूला व्हा आणि सगळ्यांना जाऊ द्या. आम्ही दोनतीनदा झालो, एका बसच्या ड्रायव्हरने हात दाखवला तेव्हा नवऱ्याला इतका आनंद झाला की काणकोणपर्यंत तेच सांगत होता.

पंचायतींना माझं एकच मागणं आहे. किनाऱ्यावर पार्किंगं भरपूर झाली, आता आतल्या गावांत, रिवणला, नेत्रावळीला, एकेक रुंद जागा करा, नळ आणि स्वच्छ संडास असलेली. ट्रेलरवाले थोडे आहेत, पण सहलीच्या बसेस येतात, बाया-पोरं येतात, म्हातारी माणसं येतात, त्यांनाही तिथे उतरून तासभर बसावंसं वाटेल, आणि शेजारी कुणी बाई चहा-भजी विकायला बसली तर तिचंही चालेल.

पुढच्या वेळी धारबांदोड्याहून कुळे बाजूने जायचं ठरतंय, पाऊस सुरू व्हायच्या आत. त्या रस्त्याची रुंदी कुणाला माहीत असेल, विशेषतः ट्रक समोरून आला तर कडेला उतरायला जागा कुठे कुठे आहे, तर नक्की कळवा.