गाडीला काय लावायचं, काय नाही

बुधवार, रात्री

भाच्याने स्कॉर्पिओ घेतली. जुनी, पण धुळ्याच्या दलालाने 'एकदम कंपनी कंडिशन, कुठे पाना लागलेला नाही' असं सांगून चार पैसे जास्तच काढले. आज व्हॉट्सॲपवर त्याची यादी आली: पुढे लोखंडी गार्ड, रुंद टायर, काळी फिल्म, पांढरे एलईडी, आवाजाचा सायलेन्सर, आणि जमलं तर रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं. म्हणजे पाना लागलेला नाही म्हणून जास्त पैसे मोजले, आणि आता पहिला पाना हाच लावणार! खाली टोमणा होताच, 'मामा, तुमची स्विफ्ट अजून शोरूममधून काढल्यासारखी. कंटाळा नाही येत?'

नाही येत. पण त्याला 'जशी आहे तशी ठेव' एवढंच सांगायलाही जीभ उचलत नाही. खान्देशात कंपनीने दिलेली गाडी तशीच वापरतो कोण? कपाशीच्या गाठोड्यांसाठी पिकअपला जास्तीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, टाकून घेतात, काळीपिवळीच्या मागे आडवी बाकं ठोकतात, ट्रॅक्टरला छत आणि टेप तर पूजा व्हायच्या आधीच लागतो. आमच्या आधीच्या पिढीने जास्त माल आणि जास्त माणसं बसावीत म्हणून गाड्या बदलल्या, ही पोरं दिसण्यासाठी बदलतात. पाटे वाढवले तरी ब्रेक तेवढेच राहतात, हा हिशेब मात्र तेव्हाही कुणी केला नव्हता. त्यामुळे जुन्या लोकांनी नाकं मुरडू नयेत.

शुक्रवार

टायरचं गणित आज कागदावर मांडलं. त्याच्या गाडीवर २३५/६५ आर १७ आहे. त्याला बसवायचाय २६५/६५ आर १७. २३५ ही मिलिमीटरमधली रुंदी आणि ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के (१७ हा रिमचा व्यास, इंचांत), म्हणून रुंदी वाढली की उंचीही वाढते. जुन्या टायरचा व्यास येतो साधारण ७३७ मिलिमीटर, नव्याचा ७७६. फरक पाच टक्क्यांच्या वर. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ च्या पुढे पळत असेल. शिवाय जड चाक फिरवायला इंजिनला आणि थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासलं तर ते वेगळंच. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असं टायरवाले साधारण सांगतात. हे सगळं त्याला पाठवलं तर उत्तर आलं, 'पण मामा, दिसतं भारी.' दिसतं खरं भारी. नाकारत नाही.

शनिवार, उशिरा

यावलहून चोपड्यामार्गे परत आलो. डोळे अजून चुरचुरताहेत, म्हणून झोपायच्या आधी लिहून टाकतो.

केळीच्या ट्रक, मागचा लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि समोरून येणारे ते निळसर पांढरे झोत. विदगावच्या पुलावर एकाने असा काही उजेड मारला की कठडा कुठे आणि रस्ता कुठे, कळेना. मी अपर-डिपर दिला. त्यानेही दिला, आणि तेव्हा समजलं की त्याचा डिपरच तसा होता.

यात त्या ड्रायव्हरचा माज कमी आणि बल्बचा घोळ जास्त. जुन्या पद्धतीच्या हेडलाइटमधला ६०/५५ वॉटचा हॅलोजन बल्ब हातात घेऊन नीट बघा. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून झोत वर उडत नाही. उरलेला उजेड काचेमागचा आरसा रस्त्यावर टाकतो: डावीकडे थोडा लांब, उजवीकडे आखूड, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये असा. हे सगळं ती तार कुठे आहे यावर बेतलेलं. तिथे बाजारातला एलईडी खुपसला, उजेडाची जागा दोन मिलिमीटर जरी सरकली, तरी झोत विस्कटतो. चालवणाऱ्याला वाटतं गाडी झगमगली. प्रत्यक्षात बोनेटपुढचं डांबर तेवढं चमकतं आणि लांबचा बैल दिसत नाही.

माझ्या गाडीचा उजेड पडत नव्हता तेव्हा वायरमनने काच पॉलिश करून दिली, उन्हाने पिवळी पडली होती. मग रिले टाकला, म्हणजे बॅटरीचा करंट स्विचमधून वळसे न घेता जाड वायरीने थेट बल्बला जातो. बल्ब कंपनीचाच. शेवटी भिंतीसमोर गाडी उभी करून झोत खाली केला. एकही वायर कापली नाही, कपलरला कपलर जोडला. उद्या काढायचं ठरवलं तर गाडी पुन्हा होती तशी. माझी कसोटी हीच: जे परत काढता येतं ते लावावं, आणि काढलेला मूळ पार्ट माळ्यावर ठेवावा.

रविवार

दुपारी अमळनेरला आक्काकडे गेलो. भरीत-पुऱ्या झाल्या, मग अंगणात गाडीभोवती सभा भरली.

गार्डवर मी ठाम होतो. धडकेत गाडीचं पुढचं तोंड चुरगळावं अशीच त्याची बांधणी असते. चुरगळताना धक्का शोषला जातो, आणि किती जोरात आदळली त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही ते ठरतं. पुढे लोखंडी गार्ड चॅसीला बोल्टने आवळला की धक्का सरळ आत, आणि ज्याला धडकली त्या सायकलवाल्याचं विचारूच नका. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना हे गार्ड काढायला लावा म्हणून लिहिलं होतं. शेजारचे बापू ऐकत होते. म्हणाले, 'सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याला झालर घालतात, घुंगरू बांधतात, पण कुणी त्याच्या हाडांना हात लावत नाही.' मला एवढं सुटसुटीत सांगता आलं नसतं.

कायद्याचंही निघालं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने जे मूळ तपशील दिलेत आणि जे आरसी बुकात आहेत, त्यात फरक पडेल असा बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. रंग बदलायचा तरी आरटीओला विचारावं लागतं. रिमॅपचं मी एवढंच म्हणालो की क्लच बसला तर बिल बापाकडे न्यायचं नाही. तो विषय तिथेच मिटला.

फिल्मवर मात्र माझाच आवाज खाली आला. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या आसपास असतो. भरदुपारी बाजारात तासभर गाडी उभी केली तर स्टिअरिंगवर उपरणं टाकल्याशिवाय हात ठेवता येत नाही. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी घातली. काचेतून पुढे-मागे किमान ७० आणि बाजूला ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियम. पुढे नियम बदलले, आणि २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने सांगितलं की तेवढी पारदर्शकता राखणारी, मानकात बसणारी फिल्म चालते. छान आहे. पण चौकात शिट्टी मारणाऱ्या हवालदाराला केरळचा निकाल समजावून सांगायची माझी छाती नाही. नियम करणाऱ्यांनी एक मे महिना भुसावळला काढावा, असं मनात आलं. उष्णता अडवणारी, पण आरपार दिसणारी फिल्म मिळते, महाग असते. तीच घे म्हटलं, आणि बिल डॅशबोर्डमध्ये ठेव.

आक्का इतका वेळ पापड उलटत होती. ती एकदम म्हणाली, 'कसाले इतला पैसा घालस रे? माले चढता येत नही, ते देख पहिले.'

खरंच की. तिचे गुडघे गेलेत, आणि या गाडीची पायरी तिला उंच पडते. यादीत ते कुठेच नव्हतं. भाचा वरमला, मग लगेच मोबाइलवर शोधायला लागला. खाली आणखी एक पायरी बसते का, आत धरायला मोठं हँडल मिळतं का. कंपनीच्या ॲक्सेसरीमध्ये आहे म्हणाला, भोकं न पाडता बसणारी. मंगळवारी अजिंठा चौफुलीला येतोय. टायर त्याच मापाचे घेणार, फक्त नक्षी जाड. सायलेन्सरचं अजून पोटात आहे त्याच्या, गप्प बसला म्हणून मी ओळखलं.