तुम्ही विचारलंत म्हणून: एक मिलिमीटरच्या कृमीतलं हार्मोन मोजतात कसं?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादं अवाढव्य यंत्र असतं. यंत्र लागतंच, पण मापन बिघडतं ते त्याच्या कितीतरी आधी.

सी. एलेगन्स या सूत्रकृमीची पिल्लं अन्न भरपूर असेल तर सरळ वाढतात. उपासमार, गर्दी, उष्णता जाणवली तर ‘डॉअर’ नावाच्या अवस्थेत जातात आणि काही न खाता महिनोन्महिने तग धरतात. कुठल्या वाटेनं जायचं, ते डाफाक्रोनिक आम्लं या हार्मोनांवर ठरतं. त्यांची ओळख २००६ साली पटली. कृमी ती अन्नातल्या कोलेस्टेरॉलपासून बनवतो आणि शेवटची पायरी डीएएफ-९ हे एन्झाइम पार पाडतं.

एका कृमीत ही आम्लं नगण्य असतात, म्हणून लाखभर कृमी एकदम घ्यावे लागतात, आणि तेही एकाच वयाचे. अंडी पोटात असलेले प्रौढ कृमी ब्लीच आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या मिश्रणात हलवायचे. शरीरं विरघळतात, कवचामुळे अंडी टिकतात. इथं घड्याळावर भिस्त ठेवू नका, दर मिनिटाला सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. बहुतेक शरीरं फुटली की लगेच धुवायला घ्या. उशीर झाला तर अंडीही मरतात. रात्रभर अन्नाविना ठेवलं की पिल्लं बाहेर येऊन पहिल्याच अवस्थेत थांबतात. मग सगळ्यांना एकाच वेळी खायला द्यायचं. २० अंश सेल्सिअसला साधारण दिवसभरात दुसरी अवस्था संपते. वाटेचा निर्णय याच काळातला, त्यामुळे नमुन्यात दोन-तीन तास मागेपुढे असलेली पिल्लं मिसळली तर येणारा आकडा कुठल्याच वयाचा नसतो.

गोळा केलेले कृमी तीनदा धुवा, आतड्यातले जीवाणू बाहेर पडायला अर्धा तास द्या, मोजा आणि द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा. ड्युटेरियमयुक्त प्रमाण-रेणू (त्याच हार्मोनचं जड हायड्रोजन असलेलं रूप, माहीत असलेल्या मात्रेत) मण्यांनी भरडण्याआधीच घाला. नंतर घातला तर अर्क काढताना किती हार्मोन वाया गेलं, ते कळायला मार्ग राहत नाही. द्रावण किंचित आम्लधर्मी करा, म्हणजे डाफाक्रोनिक आम्ल विद्युतभार सोडून सेंद्रिय द्रावकात उतरतं. नळ्या काचेच्याच घ्या, कारण प्लास्टिकमधून झिरपणारी रसायनं संकेत झाकोळून टाकतात.

रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, म्हणजे वस्तुमानमापकावर, डेल्टा-४ आणि डेल्टा-७ ही दोन्ही डाफाक्रोनिक आम्लं ४१३.३ याच वस्तुमानाला दिसतात. त्यांना वेगळं करतो तो यंत्राआधीचा क्रोमॅटोग्राफीचा स्तंभ, ज्यातून प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर पडतो; वस्तुमानमापक नव्हे. शिवाय हा रेणू सहजी तुटत नाही, म्हणून ओळख पक्की करणारे तुकडे मिळत नाहीत. त्याच्या कार्बोक्झिल या आम्लगटाला नायट्रोजनयुक्त रेणू जोडला की संवेदनशीलता चांगलीच वाढते.

तरीही आलेखात दिसलेलं शिखर हार्मोनचंच कशावरून? डीएएफ-९ नसलेल्या कृमीत ते नाहीसं व्हायला हवं. पण असे कृमी डॉअरसारख्या अवस्थेतच अडकतात, आणि बाहेरून हार्मोन देऊन वाढवले तर तेच नमुन्यात उतरतं. उपाय फार सुंदर आहे: पेशीत या हार्मोनचा संदेश टिपणारं प्रथिन (ग्राहक) म्हणजे डीएएफ-१२, त्याचंही जनुक निकामी असलेला दुहेरी उत्परिवर्ती कृमी घ्यायचा. तो हार्मोनविना वाढतो. त्याच्या अर्कातही त्याच मिनिटाला शिखर आलं, तर तुम्ही मोजत होता ते दुसरंच काहीतरी होतं.