परिशिष्टातला गणपती

"भांडारकरवाल्यांनी महाभारतातून गणपतीच उडवला की!" आज एकजण ठासून म्हणाला. म्हणजे पुण्याच्या भांडारकर संस्थेने जुन्या पोथ्या ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्यातून व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची गोष्ट काढून टाकली, असं. तेव्हापासून डोक्यात तेच.

उडवलेला नाही हो. त्या आवृत्तीतल्या आदिपर्वाचं परिशिष्ट उघडा, तिथे आहे. अनेक जुन्या पोथ्यांत ती गोष्ट नाहीच, म्हणून मूळ संहितेत घेतली नाही, एवढंच.

पोथ्या ताडायचं हे काम किती किचकट! मोठ्या कागदावर वर एक श्लोक, अक्षरागणिक एक चौकोन. खाली प्रत्येक पोथीची ओळ. पाठ, म्हणजे पोथीतले शब्द, वेगळा असेल तिथेच अक्षर भरायचं. शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा कितीतरी लिप्या. त्यात लेखनिक दोन-तीन पोथ्या समोर ठेवून सरमिसळ करायचे, त्यामुळे कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली, ही वंशावळ लागता लागत नाही. १९१९ला सुरू झालेलं काम १९६६ला संपलं.

परिशिष्टं कुणी वाचतं का पण?