तुम्ही विचारलंत म्हणून : इंजिन बदलतोय, सही देता का?

मी इंदूरला अपघातातल्या गाड्यांचे विम्यासाठी सर्व्हे करते. शिक्षण मेकॅनिकलचं, नावापुढे चार्टर्ड इंजिनियर लागतं आणि टेबलावर एक गोल शिक्का असतो. त्या शिक्क्यापायीच असेल, पण एक प्रश्न मला कुठेही गाठतो : लग्नाच्या पंगतीत, सियागंजात पार्ट घेताना, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात असतानासुद्धा. "मावशी, गाडीत दुसरं इंजिन टाकतोय. चासीत थोडी कापाकापी आहे. तुम्ही मजबुतीचं सर्टिफिकेट दिलंत तर आरटीओत चालेल ना?"

नाही चालणार. पण एवढ्या उत्तरावर कुणी उठत नाही, म्हणून बाकीचं एकदाच लिहून टाकते.

आधी कायदा, तो पटकन उरकू. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीनं गाडीचं जे मूळ स्वरूप ठरवलं आणि जे आरसीवर उतरलं, त्याच्याशी न जुळणारा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम 182अ आलं : बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लोक वाचतच नाहीत. वाटा मोकळ्या आहेत त्या मोजक्या. इंजिन निकामी झालं तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसतं, तेही परवानगी घेऊन आणि आरसीवरचा नंबर बदलून. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी न्यायची तर मान्यताप्राप्त किट आहे. अपंग व्यक्तीसाठी गाडीत फेरफार करायला वेगळी तरतूद आहे. आता यात एक हुशार माणूस हमखास निघतो : "इंधन बदलायला परवानगी आहे ना? मग पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन टाकलं, झालं." अरे बाबा, परवानगी किटला आहे. भंगारातून आणलेल्या दुसऱ्या गाडीच्या इंजिनाला नाही.

थोडक्यात, माझी सही जिथे लागावी असा रकानाच आपल्या व्यवस्थेत नाही. मी शिक्का मारला तर कागद शोभेचा होईल आणि फी घेतल्याची लाज मला वाटत राहील.

इथे हमखास ऑस्ट्रेलिया निघतो. कुणाचा तरी भाचा मेलबर्नला असतो, त्यानं जुन्या गाडीत दांडगं इंजिन बसवलेलं असतं आणि 'तिथे इंजिनियर सर्टिफिकेट देतो' असं त्यानं फोनवर सांगितलेलं असतं. खरंच देतो. तिथल्या राज्यांत हलक्या वाहनांतल्या बदलांसाठी व्हीएसबी 14 नावाची राष्ट्रीय संहिता वापरतात. इंजिनाचा विभाग एलए, ब्रेकचा एलजी, बॉडी आणि चासीचा एलएच. मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्यात ठरावीक इंजिनियरांनाच सहीचा अधिकार असतो. मालकानं करवत चालवायच्या आधी त्यांच्याकडे जायचं, गाडीच्या वजनाच्या मानानं केवढं इंजिन चालेल ते बघायचं आणि मगच कामाला हात घालायचा. भाच्यानं फोनवर सर्टिफिकेटचं सांगितलं, पण त्याआधीच्या तपासणीचं सांगितलं नाही. आपल्याकडच्यांना कागद हवा असतो, आणि तोही बहुधा काम झाल्यावर, रंग वाळल्यावर.

खरं तर मला बोलायचंय ते याच तपासणीबद्दल. लोकांना वाटतं प्रश्न इंजिनाचा आहे. किती सीसी, किती ताकद, वायरिंग कशी जुळवायची, यावर तासन्‌तास बोलतील. मी विचारते, बसणार कशावर? तर हात हलवून म्हणतात, "ते काय, वेल्डिंगवाला करतो."

एका मारुती जिप्सीचं सांगते. लोकमान्य नगरातल्या ओळखीच्या घरची, आजोबांनी घेतलेली. नातवानं तीत डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं आणि 'फक्त बघून जा' म्हणून मला गॅरेजवर नेलं. जिप्सीला शिडीसारखी चासी असते, दोन लांब रेल आणि मधे आडव्या पट्ट्या. पुढची आडवी पट्टी इंजिनाच्या तेलाच्या टाकीला आडवी येत होती, म्हणून ती खालून अर्धी कापली होती. नवे माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते आधार, रेलच्या खालच्या पट्टीला, म्हणजे तिच्या तळच्या पत्र्याला, आडवं वेल्ड मारून डकवले होते. वरून काळा रंग, अगदी शोरूमसारखा. मी मोबाइलचा उजेड धरला आणि वेल्डच्या काठाला नखानं खरवडलं. रंगाखालून केसाएवढी तांबूस रेघ निघाली, माउंटिंगच्या कोपऱ्यापासून पट्टीच्या कडेपर्यंत गेलेली. तांबूस म्हणजे आत पाणी शिरून गंज धरलेला. म्हणजे तडा कालचा नव्हता.

तडा तिथेच का आला, ते नातवाला जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. रेलवर भार आला की ती वाकू बघते. वाकताना रेलची वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मधल्या उभ्या भागाच्या ऐन मध्यावर जवळजवळ काहीच होत नाही. म्हणून भोक पाडायचंच असेल तर ते उभ्या भागात. वरच्या-खालच्या पट्टीला ड्रिल किंवा वेल्ड लावू नका, असं ट्रकवर बॉडी बांधणाऱ्यांना कंपन्या लेखी बजावतात. वेल्डनं पोलाद तापतं, बाजूच्या चिंचोळ्या भागाचा पोत बदलतो, आणि वेल्डचा काठ म्हणजे तडा सुरू व्हायला आयती जागा. त्यात डिझेलची थरथर. जोडपट्टी लावायची तर टोकं तिरकी कापायची, म्हणजे सगळा ताण एका उभ्या रेषेवर येत नाही. हे सगळं वेल्डिंगवाल्याला माहीत असावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. टाका उत्तम मारणं हे त्याचं काम, आणि त्यानं ते केलं होतं. टाका कुठे मारायचा, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं.

गॅरेजवाल्याला माझं म्हणणं पटलं नाही. "मैडम, आठ एमएम की प्लेट डाली है. हाथी खड़ा कर दो, कुछ नहीं होगा." खरंय, हत्ती उभा राहील. पण समोरून धडकेची जी चाचणी आपल्याकडे नव्या मोटारींना द्यावी लागते ती ताशी 56 किलोमीटरला असते, आणि हत्ती त्या वेगानं येत नाही. आजकालच्या मोटारींना तर वेगळी चासी नसतेच. फरशी, मधला बोगदा, इंजिनामागची भिंत आणि पुढचे दोन लांब डबे मिळूनच गाडी उभी राहते. ते पुढचे डबे धडकेत घडी पडून चुरडावेत असेच बनवलेले असतात, कारण धक्का तिथे जिरला तर माणसापर्यंत कमी पोचतो. त्यांना जाड प्लेट ठोकून मजबूत केलं की घडी पडत नाही आणि धक्का सरळ केबिनमध्ये येतो. सर्व्हेच्या कामात पुढून मार बसलेल्या गाड्या रोजच्याच. ज्या गाडीचा बॉनेट धडधाकट आणि स्टिअरिंग पोटात, ती बघताना माझी नजर आधी प्लेट शोधते.

त्या जिप्सीत आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याबद्दल कुणीच विचारलं नव्हतं. ब्रेकचा बूस्टर. पाय हलका ठेवला तरी ब्रेक घट्ट लागतो तो याच्या जिवावर, आणि बूस्टर चालतो निर्वातावर. पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांमधून, तो निर्वात फुकट मिळतो, कारण थ्रॉटल हवा अडवतं. डिझेलला तो तसा मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, पुष्कळदा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला. इथे अल्टरनेटर जागेत मावेना म्हणून दुसराच लावला होता, पंपाशिवायचा. बूस्टरची नळी बोल्ट घालून बंद. नातू म्हणाला, "ब्रेक थोडा कडक लागतो, सवय होते." पुढे वजन आधीपेक्षा जास्त, ताकद जास्त, आणि थांबवायला फक्त त्याच्या पिंडरीचा जोर! मेलबर्नच्या इंजिनियरच्या यादीत इंजिनासोबत ब्रेकचा विभाग का असतो, हे त्याला तेव्हा कळलं असावं. निदान चेहऱ्यावरून तसं वाटलं.

"मग कंपन्या कशा बदलतात इंजिनं?" हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. उदाहरण आपल्या दारातलंच आहे. ॲम्बेसेडर ही पन्नासच्या दशकातली, मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली गाडी. वर्षानुवर्षं तिच्यात 1489 सीसीचं, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं इंजिन होतं. नव्वदच्या दशकात तिला 1817 सीसीचं इसुझू इंजिन आणि पाच गिअर मिळाले, आणि ती इंजिनं हिंदुस्तान मोटर्सच्या पीथमपूरच्या कारखान्यात बनत. म्हणजे देशातला सगळ्यात गाजलेला इंजिनबदल इंदूरहून तासाभरावर झाला असं म्हणायला हरकत नाही. पण तो कंपनीचा होता. आजही केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 प्रमाणे कंपनीला नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडे द्यावी लागते. ब्रेक, धूर, आवाज, धडक, सगळं तिथे तपासलं जातं आणि मान्यता त्या मॉडेलला मिळते.

यावर एका मुलानं विचारलं होतं की पीथमपूरलाच नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचण्यांचं केंद्र आहे, 2021 मध्ये तिथली 11.3 किलोमीटरची वेगाची धावपट्टी सुरू झाली, मग माझी एक गाडी तिथेच तपासून घेऊ का? कल्पना गोड आहे. फक्त धडकेच्या चाचणीला दिलेली गाडी चालवत घरी आणता येत नाही. हजारो गाड्या विकणाऱ्याला एक फोडणं परवडतं. आजोबांची जिप्सी एकच असते.

त्याच नॅट्रॅक्सवर कॉलेजच्या मुलांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांची बाहा स्पर्धा वर्षानुवर्षं व्हायची. आमच्या इंदूरच्या एसजीएसआयटीएस कॉलेजची पोरंही जीव तोडून गाडी बांधतात. मला ती स्पर्धा फार आवडते, कारण तिथे इंजिनाचा वादच मिटवलेला असतो. पेट्रोलच्या गटात सगळ्यांना तेच छोटं दहा हॉर्सपॉवरचं इंजिन. मग परीक्षक काय बघतात? पाइपांचा सांगाडा. पाइप कुठल्या पोलादाचा, जाडी किती, जोड कुठे, ड्रायव्हरच्या डोक्यावर किती जागा. सांगाडा नापास झाला तर गाडी मैदानात उतरत नाही. ज्यांना खरंच कापायचं-जोडायचं आहे त्यांनी तिथल्या तांत्रिक तपासणीला एकदा उभं राहावं.

आता उरला नातू. 'बलेनोचं 1.6 तरी टाकू का, ते जिप्सीच्याच घराण्यातलं आहे, कापावं लागत नाही,' असं त्यानं विचारलं. बरोबर, जुन्या बलेनोचं जी16 आणि जिप्सीचं जी13 एकाच घराण्यातले, माउंटिंगचा त्रास फारसा नाही. पण आरसीवर 1298 सीसी आणि बॉनेटखाली 1590. अपघात झाला तर माझ्यासारखी कुणीतरी सर्व्हेअर पहिल्याच तपासणीत पॉलिसीवरचा इंजिन नंबर ताडून बघणार, आणि तिथून पुढचा पत्रव्यवहार तुम्हाला आवडणार नाही. डोंगरदऱ्यांतच फिरवायची असेल, खासगी जागेत, ट्रेलरवर नेऊन, तर विषय वेगळा. तेव्हासुद्धा रेल आणि ब्रेकचे प्रश्न तेच राहतात. आणि गाडीनं पन्नाशी ओलांडल्यावर व्हिंटेजची नोंद करायचा विचार असेल तर 2021 चे नियम बघा. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही.

जिप्सीला शेवटी तिचं मूळचं जी13च दुरुस्त होऊन परत बसलं. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, नवा क्लच. कापलेली आडवी पट्टी दुसऱ्या जिप्सीची मिळाली आणि तडकलेल्या रेलचं काम चासीवाल्याकडून नीट करून घेतलं. नातू थोडा हिरमुसला, पण ब्रेक आता पाय ठेवला की लागतो.

मध्यंतरी त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला. त्याच्या हॅचबॅकला छत कापून सनरूफ बसवून देणारा कुणी सापडलाय. "मावशी, याचा तर इंजिनाशी काही संबंध नाही ना?" मी म्हटलं, गाडी घेऊन ये, अस्तर उतरवून छताच्या आडव्या पट्ट्या दाखवते, मग बोलू. अजून आलेला नाही.