कुरुकारुनी आणि माझा अडकलेला पगार

ओसाकात आल्यावर पहिल्या महिन्याचा पगार खात्यात आलाच नाही, आणि कारण काय तर माझं आडनाव. बँकेत खातं उघडताना फॉर्मवर नावाचा उच्चार काताकाना या जपानी लिपीत लिहावा लागतो. काउंटरवरच्या बाईंनी मला दोनदा 'कुलकर्णी' म्हणायला लावलं आणि लिहिलं कु-रु-का-रु-नी. इकडे ऑफिसात एचआरवाल्याने नुसतं इंग्लिश स्पेलिंग बघून टाकलं का-रु-का-रु-नी, कारण कल्चरला ते कारुचा म्हणतात ना, मग कुलचं पण कारु. नावं जुळेनात, पैसे आले तसे परत. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "कुरु करुनी? अभंग आहे का रे?"

शेवटी टीममधल्या एका सेनपाईने, म्हणजे सीनियरने, कागद घेऊन समजावलं. आपल्या भाषेत सांगायचं तर जपानीत एक न् सोडला तर कुठल्याच अक्षराचा पाय मोडत नाही. मग बाहेरून आलेल्या शब्दात जिथे जिथे पाय मोडका दिसेल तिथे बहुतेक वेळा उ चिकटवायचा, ट-ड असेल तर ओ (कारण त्यांच्याकडे तु म्हणायला गेलं की त्सु होतो), आणि ल चा र तर ठरलेलाच. मिल्कचं मिरुकु, बेडचं बेद्दो, मॅकडॉनल्ड्सचं माकुदोनारुदो. एवढं लांब झालं की परत कापायचं पण, तोक्योत माक्कु आणि आमच्या ओसाकात माकुदो, आणि ह्यावरून लोक खरंच वाद घालतात! सगळ्यात भारी म्हणजे स्ट्राइक, बेसबॉलमधला असेल तर सुतोराइकु आणि कामगारांचा संप असेल तर सुतोराइकी, एकाच शब्दाचे दोन केले.

ऱ्हस्व-दीर्घ मात्र जपावं लागतं. बिरु म्हणजे बिल्डिंग, बीरु म्हणजे बिअर. मी एकदा क्लायंटला सांगितलं की आम्ही बीरुच्या आत उभे आहोत. तो बिचारा हसला पण नाही, नुसता "हाय", म्हणजे हो, म्हणाला.

आणि सगळंच इंग्लिशमधून आलंय असं पण नाही. ब्रेडला पान म्हणतात तो पोर्तुगीज शब्द, पोर्तुगीज १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोचले, गोव्यात ते १५१० पासून होतेच, म्हणजे आपला पाव आणि यांचा पान सख्खे भाऊ. त्यानंतर बेकरीत मला जरा घरच्यासारखं वाटायला लागलं.

तर पगाराचं असं झालं की पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स एचआरला दिली, त्यावर छापलंय अगदी तसंच नाव अक्षर न् अक्षर टाकायला लावलं, आणि आठवड्याभरात पैसे आले. आता ऑफिसात फोन उचलला की मी स्वतःच "कुरुकारुनी देस", म्हणजे कुलकर्णी बोलतोय, असं म्हणतो. आईने ते एकदा ऐकलं आणि तेव्हापासून तिच्या मोबाइलमध्ये माझं नाव तेच सेव्ह आहे.