पिपली लाईव्ह बघा, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत उठू नका

परवा ऑफिसमधल्या एका पोराने विचारलं, काहीतरी डार्क कॉमेडी सांग ना, पण कोरियन-बिरियन नको, सबटायटल वाचत जेवता येत नाही. मी म्हटलं पिपली लाईव्ह. तो म्हणे तो आमिर खानवाला ना, तो डॉक्युमेंटरी टाईप आहे ना? तेव्हाच ठरवलं की यावर एकदा सविस्तर लिहायचं, कारण हा गैरसमज मला गेली चौदा-पंधरा वर्षं भेटतोय.

तर पहिले हे क्लिअर करू, ही डॉक्युमेंटरी नाही, रचलेली गोष्ट आहे. पैसा आमिर खानच्या कंपनीचा आहे हे खरं, त्यामुळे कट्टर इंडीवाले (मोठ्या स्टुडिओंशिवाय बनलेले सिनेमेच बघणारे) नाक मुरडतात, पण पिक्चरमध्ये आमिर नाही, हिरोईन नाही, नाचगाणं नाही. अनुषा रिझवीचा हा पहिलाच सिनेमा, ती आधी न्यूज चॅनेलमध्ये पत्रकार होती आणि ते फ्रेम-फ्रेममधून कळतं, कारण टीव्हीवाल्यांची इतकी बारीक सालटी बाहेरच्या माणसाला काढताच येणार नाही. नत्था, म्हणजे गोष्टीतला मुख्य शेतकरी, झालेला ओंकारदास माणिकपुरी हा नाटककार हबीब तन्वीरांच्या 'नया थिएटर' या नाटकमंडळीतला नट. हे लोक अभिनय करतायत असं वाटतच नाही, आपण कोणाच्या तरी अंगणात आगाऊपणे घुसून बसलोय असं वाटतं. सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला गेला, २०१० च्या ऑगस्टमध्ये रिलीज झाला, ऑस्करसाठी भारताची एन्ट्री म्हणूनही गेला, असो, ते सगळं ठीके.

गोष्ट अशी की नत्था आणि बुधिया हे दोन भाऊ, बँकेचं कर्ज थकलंय, जमीन लिलावात जाणार. गावच्या पुढाऱ्याकडे हात पसरायला जातात तर तो मजेत सांगतो की अरे आत्महत्या करा, सरकार १ लाख देतं. बस. घरी परत येताना दोघं भाऊ चालता चालता ठरवतात की कोणी मरायचं, आणि बुधिया (रघुवीर यादव, काय माणूस आहे!) इतक्या प्रेमाने, इतक्या मोठ्या भावाच्या काळजीने ते काम धाकट्याच्या गळ्यात घालतो की आपण हसतो आणि दुसऱ्या सेकंदाला वाटतं आपण नेमके कशाला हसलो. मग एका लोकल पत्रकाराला (नवाझुद्दीन, तेव्हा त्याला कुत्रं ओळखत नव्हतं) हे कळतं, त्यात राज्यात पोटनिवडणूक लागलेली, दिल्लीहून चॅनेलवाल्यांच्या लाईव्ह दाखवणाऱ्या ओबी व्हॅन येतात, आकाशपाळणा लागतो, गावात जत्रा भरते, आणि नत्था बिचारा बहुतेक वेळ गप्प. त्याला कोणी काही विचारतच नाही, म्हणजे माईक हजार तोंडापुढे येतात पण विचारत कोणी नाही. एक अँकर तर त्याच्या परसाकडच्या जागी उभा राहून त्यावरून त्याच्या मनःस्थितीचं विश्लेषण करतो. २०१० मध्ये हे अतिशयोक्ती वाटलं होतं!!

मी हा पहिल्यांदा पुण्यात मल्टिप्लेक्सला पाहिला, पब्लिक हसून हसून लोळत होतं आणि मीही. नंतर एका दिवाळीत यवतमाळला घरी बाबांसोबत टीव्हीवर लागला. बाबा तलाठी होते. रिटायर झाले, पण नजर तीच, म्हणजे पिक्चरमध्ये शेत दिसलं की आधी सातबारा कोणाच्या नावावर असेल हा विचार. आमच्याकडे ज्यांनी २००६ नंतरचे पेपर वाचलेत त्यांना पात्र-अपात्र हा शब्द माहितीये. शेतकरी आत्महत्या 'पात्र' ठरली तर घरच्यांना १ लाख, त्यातले ३० हजार चेकने आणि ७० हजार ठेव म्हणून, आणि 'अपात्र' ठरली तर काही नाही. पात्र ठरायला जमीन हवी, थकलेलं कर्ज हवं, मागे वसुलीचा तगादा हवा, आणि कर्जही बँकेचं, गावच्या सहकारी सोसायटीचं किंवा लायसन असलेल्या सावकाराचं हवं. नातेवाईकांकडून उसने घेतलेले असतील तर मेलेल्या माणसाचं दुःख खरं पण फाईलमध्ये बसत नाही. बाबांनी असे पंचनामे केलेत, त्याबद्दल घरी कधी बोलायचे नाहीत.

त्या दिवशी लाल बहादूरचा सीन आला. सरकारी साहेब नत्थाच्या दारात येऊन एक हातपंप देऊन जातो, लाल बहादूर नावाचा, आणि तो जमिनीत बसवायला पैसेच नसतात, तर तो आपला अंगणात पडून. बाबा इतके हसले की चहा सांडला. म्हणे, "हे तं आपल्या इथलंच हाय बावा, याले कोनं सांगतलं?"

आता पुढचा परिच्छेद ज्यांनी पाहिला नाही त्यांनी सरळ सोडा, शेवट सांगतोय. आग लागते, त्यात कोणीतरी मरतं, सगळे समजतात नत्थाच, चॅनेलवाले व्हॅन गुंडाळून निघतात, आणि घरच्यांना पैसे मिळत नाहीत कारण हा अपघात आहे, आत्महत्या नाही. पुण्यातल्या थिएटरात इथेपण लोक हसले होते. बाबा हसले नाहीत, रिमोट खाली ठेवत एवढंच म्हणाले, "अपात्र."

आता म्युझिक, ज्याच्यासाठी खरंतर हे सगळं लिहायला घेतलं. महंगाई डायन सगळ्यांना माहितीये, रघुवीर यादव आणि गावातली भजनमंडळी, ढोलक, पेटी, झांजा, नवरा कमावतो बक्कळ पण महागाई डाकीण खाऊन जाते अशी बायकोची तक्रार. पण इंडियन ओशन या बँडचं 'देस मेरा' लोक विसरतात, त्याच्या लिरिक्समध्ये आपला इंदोरी मराठी माणूस स्वानंद किरकिरे आहे. आणि 'जिंदगी से डरते हो', ही नून मीम राशिद यांची उर्दू कविता, बास गिटारवर चढत जाते तेव्हा अंगावर काटा येतो. बँडचा असीम चक्रवर्ती पिक्चर रिलीज व्हायच्या आधीच, डिसेंबर २००९ मध्ये गेला, त्यामुळे मला ती गाणी आता जरा वेगळीच ऐकू येतात.

आणि शेवटी 'चोला माटी के राम'. नगीन तन्वीर, हबीबसाहेबांची मुलगी, छत्तीसगढीत गाते. कुडी मातीची, तिचा काय भरवसा, एवढंच सांगणं, आपल्याकडे एकादशीच्या भजनात कोणीही म्हातारी गाईल असं. दोन तास ज्या मरणावर सगळ्यांनी बाजार भरवला त्याच मरणाबद्दल ही बाई साध्या आवाजात गाते आणि तिला कोणाकडून काहीच नकोय. शहरात कन्स्ट्रक्शन साईटवर धुळीने माखलेला नत्था दिसतो, आणि पडद्यावर अक्षरं येतात की १९९१ ते २००१ या काळात ८० लाख शेतकऱ्यांनी शेती सोडली. मल्टिप्लेक्समध्ये तोवर लाईट लागले होते आणि लोक पॉपकॉर्नचे डबे शोधत होते, म्हणून वर टायटलमध्ये उठू नका म्हटलंय.

एक तक्रार आहेच, इंग्लिश चॅनेलवाली नंदिता जरा एकसुरी झालीये आणि मध्ये मंत्री-सचिवांचे सीन लांबतात. नसीरुद्दीन शाहला एवढ्याशा रोलमध्ये बघून जीव हळहळतो. पण होरी महातो नावाचा एक माणूस आहे, हाडं निघालेला, आपल्याच गेलेल्या जमिनीतली माती खणून विकतो, मागे फक्त दिसत राहतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा. कॅमेरे नत्थावर असतात तेव्हा त्याचं काय होतं ते बघा. नाव प्रेमचंदांच्या 'गोदान'मधल्या होरीवरून आहे हे मला तिसऱ्यांदा पाहताना कळलं.

बाबांनी त्या दिवाळीत माझ्याकडून महंगाई डायन रिंगटोन लावून घेतली, अजून तीच आहे. नेमका सिलिंडरवाल्याचा फोन आला की वाजते आणि आई आतून ओरडते, उचला तो आधी.