दोन सब समोरासमोर: आमच्या रूमचा बास कुठवर आला

दुसरा सब, म्हणजे खोल बास वाजवणारा सबवूफर, आला, जागेवर बसला, मोजूनही झाला, त्यामुळे आता नीट लिहितो. रूम म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटमधली मागची बेडरूम, १७ बाय ११ फूट, उंची साडेनऊ. चारही बाजूंना वीट आणि प्लास्टर, वर-खाली आरसीसी स्लॅब, म्हणजे बासला बाहेर निसटायला जागाच नाही, जे काय होतं ते आतच घुमतं. सोफा तीन सीटचा आणि माझी अट पहिल्यापासून एकच आहे की आई डाव्या टोकाला बसली काय, मी मधे बसलो काय, सगळ्यांना बास सारखाच ऐकू आला पाहिजे. दुसरा सब घेतला तो ह्याच्यासाठी. आवाज तर एका १२ इंची सील्ड (बंद पेटीच्या) सबनेही ह्या रूमला पुरून उरत होता.

आधी गणित, कारण ते एकदा डोक्यात बसलं की ग्राफ वाचायला मजा येते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्याला रूमच्या लांबीच्या दुपटीने भागायचं. आमच्याकडे लांबीचा पहिला मोड, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या फ्रिक्वेन्सीला आवाज घुमत राहतो ती, ३३ हर्ट्झला येतो, दुसरा ६६ ला, रुंदीचा ५१ ला आणि उंचीचा ५९ ला. पहिला सब कोपऱ्यात होता आणि कोपरा सगळेच मोड चेतवतो, त्यामुळे ३३ ला मोठा डोंगर होता. त्याहून वाईट म्हणजे ५१ ला बाजूच्या दोन्ही सीटवर फुगवटा आणि मधल्या सीटवर खड्डा, फरक १२ डीबीच्या आसपास. मधली सीट रुंदीच्या बरोब्बर मध्यावर आहे आणि रुंदीच्या पहिल्या मोडचा शून्य बिंदू, म्हणजे जिथे तो ऐकूच येत नाही ती जागा, तिथेच पडतो. हे कुठल्याही इक्यूने (इक्वलायझर, ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारा) जाणार नाही, मधल्या सीटसाठी ५१ उचलला की बाजूच्यांची छाती हादरते, बाजूच्यांसाठी कापला की मधे काहीच उरत नाही.

हार्मन ह्या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेलं काम ह्यावर आजही पहिलं वाचावं असं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की चार भिंतींच्या मध्यावर चार सब ठेवले की सीट-सीटमधला फरक खूप कमी होतो, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी त्यातला बराच फायदा पदरात पडतो. मी तेच केलं, एक सब स्क्रीनखाली भिंतीच्या मध्यावर आणि दुसरा, अगदी तोच मॉडेल, सोफ्यामागे मागच्या भिंतीच्या मध्यावर. दोन्ही सब रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे ५१ चा मोड उठतच नाही. आणि ३३ ला रूमच्या दोन टोकांचं प्रेशर एकमेकांच्या उलटं असतं, त्यामुळे पुढचा सब तो मोड जितका ढकलतो तितकाच मागचा ओढतो आणि डोंगर बसतो.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण एव्हीआरचा (सगळे स्पीकर चालवणारा रिसीव्हर) ऑटो सेटअप नेमका इथे वेगळ्या वाटेने जातो. मागचा सब सोफ्याच्या जवळ, म्हणून दोन वेगळे सब आउट असलेला एव्हीआर त्याचा आवाज उशिरा सोडतो, सहा फुटांच्या फरकाला ५ मिलीसेकंदांच्या थोडं वर, शिवाय त्याची लेव्हलही उतरवतो. एका सीटसाठी ते बरोबरच आहे. पण ३३ हर्ट्झला ५ मिलीसेकंद म्हणजे लाटेच्या एका फेरीतले जवळपास ६० अंश, मग ओढणं-ढकलणं जुळत नाही आणि डोंगर परत वर येतो. म्हणून मी एव्हीआरचा एकच सब आउट काढून मिनीडीएसपी २ बाय ४ एचडी ह्या सिग्नल प्रोसेसरमध्ये घातला, तिथून दोन्ही सबना सारखं गेन, मधे शून्य डिले. आर-ई-डब्ल्यू ह्या रूम मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही प्रकारे स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर) घेऊन एकावर एक टाकून बघितलं, तिन्ही सीटच्या रेषा शून्य डिलेला जास्त एकत्र चालतात, वादच नाही. युमिक-१ सारखा यूएसबी माइक असेल तर अकूस्टिक टायमिंग रेफरन्स (एका ठरलेल्या स्पीकरच्या आवाजावरून वेळ धरायची सोय) चालू ठेवूनच मोजा, नाहीतर दोन सबची फेज, म्हणजे लाटा किती पुढे-मागे आहेत ते, एकमेकांशी ताडून बघता येत नाही.

आता ६६. हा दोन्ही टोकांना एकाच बाजूने चेततो त्यामुळे पुढे-मागे सब ठेवून तो जात नाही, आणि त्याचे शून्य बिंदू लांबीच्या पाव आणि पाऊण अंतरावर. आमचा सोफा जवळजवळ पाऊण अंतरावरच होता. सव्वा फूट पुढे ओढला, खड्डा निम्म्याहून जास्त भरला. फुकटातला सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि पाय पसरायला जागा कमी झाली तरी घरात कोणी कुरकुर केली नाही.

इक्यू एवढं सगळं झाल्यावर, आणि दोन्ही सबना मिळून एकच. उरला होता ५९ चा फुगवटा, जमीन ते छत. पण तिन्ही सीटवर कानाची उंची सारखीच, म्हणून हा फुगवटाही तिन्हीकडे सारखाच, मग एक कट मारला की तिघांचं काम होतं. इक्यू कुठे वापरायचा ह्याची माझ्यासाठी हीच कसोटी झाली आहे, सगळ्या सीटवर दिसतं ते इक्यूने, एकाच सीटवर दिसतं ते जागा बदलून. आणि उरलेला खड्डा उचलायला जाऊ नका, ६ डीबी म्हणजे ॲम्पला चौपट पॉवर आणि भरत काहीच नाही.

बास मॅनेजमेंटचं, म्हणजे कुठला बास कुठून वाजवायचा त्याचं, पटकन सांगतो. सगळे स्पीकर स्मॉल, म्हणजे त्यांचा खोल बास सबकडे, ऑटो सेटअपने फ्रंटला लार्ज म्हटलं होतं तरी. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो) ८०, एलएफईचा (सिनेमातला बासचा वेगळा चॅनल) लो-पास १२०, एलएफई प्लस मेन बंद, कारण तोच बास दोन ठिकाणांहून वाजला की इतकी मेहनत पाण्यात. मग सेंटर स्पीकर आणि सब एकत्र वाजवून ८० हर्ट्झच्या आसपास बघत एव्हीआरमधलं सबचं अंतर थोडं थोडं वाढवत गेलो, जिथे खाच सगळ्यात भरते तिथे थांबलो. हा आकडा टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा बराच जास्त येतो आणि ते ठीकच आहे, डीएसपी स्वतःचा उशीर लावतोच.

स्वीप चालू असताना रूमने जे जे वाजवून दाखवलं ते वेगळंच. ॲल्युमिनियमची स्लाइडिंग खिडकी ४० च्या आसपास खडखडायची, तिच्या खाचेत रबरी पट्टी भरली. पीओपीच्या सीलिंगमधला एक लाइट सैल होता. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात हँगर एकमेकांवर आपटत होते, तिथे जुनी चादर कोंबली. खालच्या मजल्यावरच्या काकांसाठी दोन्ही सबखाली रबरी पाय लावलेत आणि १० नंतर मास्टर व्हॉल्यूम खाली, त्यांनाच विचारलं तर म्हणाले पूर्वीची ती घुमणारी गुरगुर आता येत नाही. माझ्या मते ते ३३ चा डोंगर गेल्यामुळेच.

ऐकायला मी ढोल-ताशा पथकाचं साधं रेकॉर्डिंग लावतो. पूर्वी बाजूच्या सीटवर ढोलाचा एक टोल पुढच्या टोलावर सांडायचा, सगळं मिळून एक लांब घुम्म. आता टोल पडतो, थांबतो, मग पुढचा, आणि मधे ताशाची काडी सुटी ऐकू येते. पहिल्या मिनिटाला बास कमी झालाय असं नक्की वाटतं, लगेच सबचा गेन वाढवू नका, एक-दोन संध्याकाळी तसंच ऐका.

पुढचं काम ६६ चा उरलेला खड्डा. लांबीच्या मध्यावर तो मोड टोकांच्या उलटा असतो, म्हणजे बाजूच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन सब लावले की तो मिटायला हवा. एका भिंतीच्या मध्यावर नेमकं दार आहे. पण दाराच्या वर अडीच फूट मोकळी भिंत आहे, दोन हलके १० इंची सील्ड सब दोन्हीकडे त्याच उंचीवर टांगले तर छताजवळ असल्यामुळे जमिनीवरच्या दोघांच्या विरुद्ध ५९ लाही ओढतील. दारावर आरसीसी लिंटेल आहे त्यात अँकर बोल्ट पक्के बसतील, समोरच्या भिंतीत वीट आहे तिथे काय धरेल ते बघायला फॅब्रिकेटर रविवारी येतोय.